शरीराचं पुनरुत्थान म्हणजे नेमकं काय?

मेल्यावर काय होतं असं ख्रिस्ती माणसाला विचारलं, तर बहुतेकदा उत्तर येतं की आत्मा देवाकडे जातो. पण हीच माणसं उपासनेत उभी राहून प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणतात, आणि त्याच्या शेवटी शब्द येतात ते शरीराच्या पुनरुत्थानाचे. आत्मा अमर आहे असं तिथे म्हटलेलंच नाही. इ. स. ३८१ च्या परिषदेतून आलेला, नायसियाचा म्हणून ओळखला जाणारा विश्वासांगीकारही मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाची वाट पाहतो. तोंडाने एक म्हणायचं आणि मनात दुसरंच धरायचं, अशी ही फारकत आहे. आजाऱ्याची सेवा, घरातला मृत्यू, दफन की दहन, नेत्रदान, कष्टाचं मोल अशा अगदी रोजच्या गोष्टींवर तिचा परिणाम होतो.

करिंथकरांची अडचण

हा घोटाळा जुना आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहरात येशूचा प्रेषित पौल याने इ. स. ५० च्या सुमारास दीड वर्ष राहून मंडळी उभी केली. दोन बंदरांचं, व्यापारी, श्रीमंत आणि सरमिसळ वस्तीचं हे शहर. पौल निघून गेल्यावर काही वर्षांतच तिथल्या विश्वासणाऱ्यांपैकी काही जण म्हणू लागले की मेलेल्यांचं पुनरुत्थान वगैरे काही नसतं. येशू उठला हे ते नाकारत नव्हते. त्यांना नको होतं ते शरीर. ग्रीक विचारात वाढलेल्या माणसाला शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग वाटे. मग एकदा सुटल्यावर त्यात परत कोण जाईल?

पौलाने इफिसहून, साधारण ५३ ते ५५ च्या दरम्यान, त्यांना जे पत्र लिहिलं त्याचा पंधरावा अध्याय हे या प्रश्नाचं उत्तर आहे. पुनरुत्थानावरचं आपल्या हातात असलेलं सर्वांत जुनं सविस्तर लिखाणही तेच. चारही शुभवर्तमानं त्यानंतरची. अध्यायाच्या सुरुवातीला पौल एक यादी देतो आणि ती आपल्यालाही दुसऱ्यांकडून मिळाली असं स्पष्ट सांगतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, मग येशूच्या भावाला, याकोबाला, मग सर्व प्रेषितांना आणि शेवटी स्वतः पौलाला. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत असंही तो लिहितो, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला विचारायला माणसं होती. पौलाने मनपरिवर्तनानंतर तीन वर्षांनी यरुशलेमेत पेत्राकडे पंधरा दिवस मुक्काम केला होता आणि याकोबालाही तो भेटला होता, हे गलतीकरांच्या पत्रात आहे. येशूचा वधस्तंभ ३० किंवा ३३ सालचा. म्हणजे या यादीतली साक्ष त्या घटनेपासून फार तर काही वर्षांच्या अंतरावरची आहे.

यादीनंतर पौल जो युक्तिवाद करतो तो धाडसी आहे. मेलेले उठतच नसतील, तर ख्रिस्तही उठलेला नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा पोकळ, तुमचा विश्वास पोकळ, तुम्ही अजून तुमच्या पापांतच आहात, आणि सगळ्या माणसांत आम्ही सर्वांत कीव करण्याजोगे आहोत. 'निदान चांगली शिकवण तरी मिळाली' अशी पळवाट तो ठेवत नाही. आजही येशूच्या पुनरुत्थानाला केवळ एक सुंदर रूपक म्हणून पाहणारे, स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे लोक आहेत. त्यांच्या मतावर चर्चा जरूर व्हावी, पण पौलाच्या नावावर ते मत खपवता येत नाही.

ख्रिस्ताला तो 'प्रथमफळ' म्हणतो. यहुदी रीतीप्रमाणे हंगामातली पहिली पेंढी देवाला अर्पण केली जाई आणि उरलेलं पीक तिच्याच मागून घरात येई. येशूचं उठणं हा एकट्याचा चमत्कार नाही, पुढच्या मोठ्या पिकाची ती पहिली पेंढी आहे. विश्वासणाऱ्याच्या दृष्टीने सगळी आशा या एका जोडणीवर उभी आहे.

लाजर आणि येशू यांच्यातला फरक

बेथानीचा लाजर चार दिवस कबरेत होता आणि येशूने त्याला बाहेर बोलावलं. नाईन गावच्या विधवेचा मुलगा आणि याईराची मुलगी यांनाही त्याने उठवलं. पण ही तिघंही पुढे केव्हातरी पुन्हा मेली. त्यांना जुनंच आयुष्य परत मिळालं होतं. योहानाच्या शुभवर्तमानात एक बारकावा आहे: लाजर हातपाय पट्ट्यांनी बांधलेल्या अवस्थेत बाहेर आला आणि इतरांना त्याला सोडवावं लागलं; येशूच्या कबरेत मात्र तागाची वस्त्रं तिथेच पडलेली होती आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला होता. येशू मागे परतला नाही, मरणाच्या पलीकडे गेला.

पलीकडचं हे शरीर कसं होतं? शुभवर्तमानं इथे जे सांगतात ते एका साच्यात बसत नाही, आणि ते तसंच राहू द्यावं. तो भाजलेल्या माशाचा तुकडा शिष्यांसमोर खातो, तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर न्याहारी तयार ठेवतो, हातांवरचे व्रण दाखवतो. त्याच वेळी दारं बंद असताना आत येतो. मग्दालीया मरीयेला तो आधी माळी वाटतो. यरुशलेमेपासून सुमारे ११ किलोमीटरवरच्या अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालतात आणि त्यांना त्याची ओळख पटते ती भाकर मोडताना. तो भूत नाही, आणि पूर्वीसारखाही नाही.

'मेलेले कोणत्या शरीराने उठतात?' या करिंथकरांच्या प्रश्नाला पौल बीजाचं उदाहरण देतो. पेरतो तो नुसता दाणा, वर येतं ते रोप. दोन्ही एकच, तरी दिसायला किती वेगळी. पेरलं जातं ते नाशवंत, दुर्बळ, प्राणमय शरीर. उठवलं जातं ते अविनाशी, सामर्थ्यवान, आध्यात्मिक शरीर. इथे वाचक हमखास घसरतो. आध्यात्मिक शरीर म्हणजे धुरासारखं, हवेचं शरीर अशी समजूत होते. पौलाचा रोख शरीर कशाचं बनलं आहे यावर नाही, ते कोणाच्या बळावर जगतं यावर आहे. आजचं शरीर श्वासावर जगतं आणि श्वास संपला की संपतं. उठलेलं शरीर देवाच्या आत्म्याने जगतं, म्हणून त्याला मरण नाही.

पुनर्जन्माशी गल्लत

आपल्याकडे हा खुलासा करावाच लागतो, कारण ख्रिस्ती घरांतही 'पुढच्या जन्मी' असं सहज बोललं जातं. पुनर्जन्माच्या कल्पनेत आत्मा एक देह टाकून दुसरा घेतो, हे अनेकदा घडतं, कर्माप्रमाणे घडतं, आणि शेवटचं ध्येय या फेऱ्यातून सुटणं हे असतं. पुनरुत्थान एकदाच. तीच व्यक्ती, तिचंच शरीर बदलून, तिच्याच नावाने. ते कमावता येत नाही. देव ते देतो. आणि ध्येय देहातून सुटका हे नसून देहासकट बरं होणं हे आहे. इब्री लोकांस पत्रात माणसाला एकदाच मरायचं असतं असं स्पष्ट म्हटलं आहे. दोन्ही परंपरांचा आदर ठेवूनही त्या एकमेकींत कालवल्या की दोन्हींचा अर्थ जातो.

मग मृत्यू आणि शेवटचं पुनरुत्थान यांच्या मधल्या काळाचं काय? मेलेला विश्वासू माणूस ख्रिस्ताजवळ असतो, यावर बहुतेक मंडळ्यांचं एकमत आहे. वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला येशूने 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असं म्हटलं होतं. कॅथलिक परंपरा इथे शुद्धिस्थान, म्हणजे देवाजवळ जाण्याआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, मानते आणि मृतांसाठी प्रार्थना करते, म्हणून २ नोव्हेंबरला वसईपासून गोव्यापर्यंत कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरतात. प्रोटेस्टंट मंडळ्या शुद्धिस्थान मानत नाहीत. पण ही मधली अवस्था शेवटची नाही, यावर दोघांचा विश्वास सारखाच आहे. सुरुवातीला सांगितलेली गडबड इथेच होते: मधला मुक्काम हाच शेवटचा समजला जातो.

इतिहासाच्या कसोटीवर किती उतरतं

येशूला पिलातच्या कारकिर्दीत मृत्युदंड झाला हे रोमन इतिहासकार टॅसिटसनेही साधारण ११६ साली लिहून ठेवलं आहे. पिलात इ. स. २६ ते ३६ या काळात यहुदियाचा अधिकारी होता, आणि त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ मध्ये कैसरियाच्या उत्खननात सापडला. पुनरुत्थान मात्र प्रयोगशाळेत किंवा शिलालेखात सापडणारी गोष्ट नाही. इतिहासाच्या हाती लागतात ते तिचे परिणाम: पळून गेलेले शिष्य त्याच यरुशलेमेत उघडपणे बोलू लागले, येशूवर विश्वास न ठेवणारा त्याचा भाऊ याकोब मंडळीचा पुढारी झाला, शब्बाथ पाळणारे यहुदी आठवड्याच्या पहिल्या दिवशी जमू लागले. आणि पहिल्या साक्षीदार स्त्रिया होत्या. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फार किंमत नव्हती, खुद्द शिष्यांनाही त्यांचं बोलणं बडबड वाटली असं लूक लिहितो. रचलेली गोष्ट असती तर साक्षीदार असे निवडले नसते.

शुभवर्तमानांत फरक आहेत हेही लपवू नये. कबरेकडे किती स्त्रिया गेल्या, देवदूत एक की दोन, दर्शन गालीलात की यरुशलेमेत, यांत तपशील जुळत नाहीत. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या पूर्ण प्रतींत, म्हणजे चौथ्या शतकातल्या दोन हस्तलिखितांत, मजकूर १६:८ ला थांबतो, स्त्रिया भिऊन पळाल्या तिथे. पुढची वचनं नंतरची आहेत. मुलांना शिकवताना शिक्षक अनेकदा चारही वृत्तांत कापून जोडून एकच गोष्ट बनवतात. तसं करू नये. प्रत्येक वृत्तांत वेगळा वाचावा. कबर रिकामी होती आणि येशू दिसला, या दोन गोष्टींवर ते सगळे ठाम आहेत. मार्कच्या त्या आठ वचनांत दर्शन नाही, पण येशू गालीलात दिसेल असा निरोप आहे.

'तिसरा दिवस' कसा, हा प्रश्न शाळकरी मुलंसुद्धा विचारतात, कारण शुक्रवार दुपार ते रविवार पहाट यात ७२ तास भरत नाहीत. यहुदी मोजणीत दिवसाचा काही भागही पूर्ण दिवस धरला जाई: शुक्रवार एक, शनिवार दोन, रविवार तीन.

आज काय बदलतं

पहिला बदल बाप्तिस्म्यात. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, ते नव्या जीवनात चालावं म्हणून. पाण्यात पूर्ण बुडवणं असो की डोक्यावर पाणी ओतणं, अर्थ हाच: जुना माणूस पुरला गेला. त्यामुळे पुनरुत्थान हे मरणानंतरचं राखून ठेवलेलं बक्षीस राहत नाही. क्षमा मागणं, सोडलेलं व्यसन पुन्हा न धरणं, जातीचा अभिमान टाकून एकाच भाकरीत वाटेकरी होणं, हे सगळं त्याच नव्या जीवनाचं आहे. यातलं जातीचं कलम महाराष्ट्रातल्या मंडळ्यांना आजही अवघड जातं. लग्नं ठरवताना ते सर्वांत स्पष्ट दिसतं.

दुसरा बदल शरीराकडे बघण्यात. देव ज्याला उठवणार आहे ते टाकाऊ असू शकत नाही. कुष्ठरोग्याचं झडलेलं बोट, अंथरुणाला खिळलेल्या आजीची पाठ, अपंग मुलाचे पाय या सगळ्यांची निगा राखणं म्हणजे देवाला मौल्यवान असलेल्या गोष्टीची निगा राखणं. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयासारखी कामं या श्रद्धेतून उभी राहिली. उठलेल्या येशूच्या शरीरावर व्रण राहिले होते, हेही लक्षात घ्यावं. म्हणजे नवं शरीर हे दुःखाचा सगळा इतिहास पुसून टाकलेलं, गुळगुळीत शरीर नसतं. ज्यांनी आयुष्यभर जखमा वागवल्या त्यांना यातला आधार समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा बदल कष्टांबाबत. करिंथकरांच्या पत्रातला ५८ वचनांचा तो लांब पंधरावा अध्याय पौल कुठे संपवतो ते पाहण्यासारखं आहे. मरणाला 'तुझी नांगी कोठे?' असं विचारल्यावर 'म्हणून आता स्वर्गाची वाट पाहत बसा' असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, म्हणून स्थिर राहा, प्रभूच्या कामात वाढत जा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या, आणि त्यांचं बायबल छापून पूर्ण झालं १९२४ मध्ये. आपल्या हयातीत फळ दिसलं नाही म्हणून काम फुकट गेलं असं विश्वासणाऱ्याला म्हणता येत नाही, ते याच वचनामुळे.

आणि पृथ्वी? रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो की सगळी सृष्टी प्रसूतिवेदना सोसत सुटकेची वाट पाहत आहे. प्रकटीकरणाच्या शेवटी माणसं वर जात नाहीत, नवं यरुशलेम खाली उतरतं. हे जग जळूनच जाणार, मग नदी-डोंगरांची फिकीर कशाला, असा प्रचार जे करतात त्यांनी हे दोन अध्याय पुन्हा वाचावेत.

ईस्टरची रात्र: काय, कोणत्या क्रमाने, आणि का

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरतो. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला आणि २०२७ मध्ये २८ मार्चला. पूर्वेकडच्या अनेक मंडळ्या जुन्या ज्युलियन पंचांगाने मोजतात, म्हणून त्यांची तारीख बहुधा वेगळी पडते. २०२५ मध्ये मात्र दोन्ही २० एप्रिललाच आल्या होत्या.

कॅथलिक मंडळीत शनिवारी रात्रीचं पास्का (म्हणजे ईस्टरचं) जागरण हा वर्षातला सर्वांत मोठा विधी. तो चार टप्प्यांत होतो. आधी चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात. पास्का मेणबत्तीवर क्रूस, त्याच्या वर अल्फा, खाली ओमेगा (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आणि चार कोनांत चालू सालाचे चार आकडे कोरतात. पाच जखमांची खूण म्हणून धूपाचे पाच दाणे खोचतात. अंधारातून ती मेणबत्ती आत नेताना तीनदा थांबून 'ख्रिस्ताचा प्रकाश' असं गातात आणि लोक आपापल्या मेणबत्त्या तिच्यावरून पेटवत जातात. दुसरा टप्पा वाचनांचा: जुन्या करारातली सात वाचनं ठरलेली आहेत. गरज पडल्यास ती कमी करता येतात, पण तांबडा समुद्र पार करण्याचं, निर्गमाच्या चौदाव्या अध्यायातलं वाचन कधीच गाळायचं नसतं. मग घंटा वाजतात, रोमकरांसचा सहावा अध्याय वाचला जातो, आणि ईस्टरआधीच्या संपूर्ण प्रायश्चित्तकाळात न उच्चारलेला 'आलेलुया' परत येतो. तिसरा टप्पा स्नानसंस्काराचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा, आणि सगळ्यांनी आपली बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उच्चारण्याचा. चौथा ख्रिस्तशरीराचा, म्हणजे प्रभुभोजनाचा.

बिघडतं कुठे, तर सर्वांत आधी वेळेत. नियम असा की रात्र पडल्याशिवाय सुरुवात करायची नाही. एप्रिलमध्ये मुंबई-वसईकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेसातच्या आधी सुरू केलं तर उजेडातच अग्नी पेटतो आणि त्याचा अर्थ निघून जातो. दुसरी चूक मेणबत्तीची: ती खऱ्या मेणाची, एकच, पुरेशी मोठी आणि दर वर्षी नवी हवी. आत तेलाचा दिवा बसवलेली प्लास्टिकची नळी वर्षानुवर्षं वापरणं सोयीचं असलं तरी चालत नाही. यात हट्ट आहे तो काटकसरीविरुद्ध नाही. हीच मेणबत्ती पन्नास दिवस, पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत) वेदीपाशी राहते, मग वर्षभर प्रत्येक बाळाच्या स्नानसंस्काराला पेटते आणि अंत्यविधीत शवपेटीजवळ ठेवतात. जन्म आणि मरण दोन्ही येशूच्या उठण्याशी जोडण्याचं काम ती करते.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत पहाटेच्या उपासनेचा मान मोठा. जर्मनीतल्या हेर्नहुट गावात १७३२ साली मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचे तरुण ईस्टरच्या पहाटे गावाच्या कबरस्तानात जमले आणि गायले, तिथून ही प्रथा मिशनऱ्यांबरोबर जगभर गेली. जिथे शक्य असेल तिथे ही उपासना कबरस्तानातच घ्यावी. हॉलमध्ये माइकवर घेतलेल्या उपासनेत तो अर्थ उरत नाही.

घरात मृत्यू झाला की

इथे या विश्वासाची खरी परीक्षा असते, आणि चुकाही इथेच जास्त होतात. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं पौलाने थेस्सलनीकेच्या लोकांना लिहिलं. त्याचा अर्थ शोक करू नका असा लावून, 'रडू नका, ते प्रभूकडे गेलेत' असं सांत्वन करणारे घरोघर भेटतात. लाजराला थोड्याच वेळात उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. मरण हा शत्रू आहे, शेवटचा शत्रू, असं पौलच म्हणतो. म्हणून भेटायला गेलेल्याने आधी बसावं, ऐकावं, गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं. वचन वाचायचं ते नंतर, आणि थोडक्यात.

प्रार्थनेने मृत व्यक्ती उठेल म्हणून दफन लांबवणं ही आणखी गंभीर चूक. लाजराची गोष्ट पुढे करून काही गट असा दबाव आणतात. ख्रिस्ती आशा जुन्या श्वासाच्या परतण्यावर टेकलेली नाही, हे वर पाहिलंच. दफनाला उशीर करून विश्वास सिद्ध होत नाही, आणि 'तुमचा विश्वास कमी पडला' असं शोकाकुल घराला सुनावणं हा तर सरळ अन्याय.

दहन चालेल का? कॅथलिक मंडळीने १९६३ पासून त्याला परवानगी दिली आहे. दफनाला पसंती आहे, पण पुनरुत्थान नाकारण्यासाठी म्हणून दहन निवडलेलं नसेल तर हरकत नाही. व्हॅटिकनच्या २०१६ च्या सूचनेनुसार राख कबरस्तानासारख्या पवित्र ठिकाणी ठेवायची; नदीत, समुद्रात किंवा हवेत सोडायची नाही, घरी ठेवायची नाही, लॉकेटात भरायची नाही. डिसेंबर २०२३ मध्ये थोडी सवलत मिळाली: राखेचा अगदी लहान भाग मृताच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागी ठेवण्याची कुटुंबाची विनंती काही अटींवर मान्य होऊ शकते. ज्या घरांत हिंदू नातलग आहेत तिथे अस्थिविसर्जनाचा आग्रह होतो. हे बोलणं आजारपणातच, फादरांना बरोबर घेऊन, उरकलेलं बरं. स्मशानाच्या दारात असे निर्णय नीट होत नाहीत. प्रोटेस्टंट मंडळ्यांत सगळ्यांसाठी एकच लेखी नियम नाही, आपल्या पाळकांना विचारावं.

जळालेलं किंवा विरलेलं शरीर देव कसं उठवणार, ही भीतीही जुनीच. १७७ साली लियाँ शहरात रोमन अधिकाऱ्यांनी ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवून जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली, ती नेमकी यासाठी की त्यांना पुनरुत्थानाची आशा उरू नये. वाचलेल्या मंडळीने हे सगळं पत्रात लिहून आशियातल्या बांधवांना कळवलं, आणि तिचा विश्वास ढळला नाही. ज्याने शून्यातून निर्माण केलं त्याला आपल्या हाडांचा साठा लागत नाही. म्हणूनच मुंबईत जागेअभावी काही वर्षांनी कबर उघडून अस्थी कोनाड्यात हलवल्या जातात, तेव्हा घरच्यांना वाईट वाटणं साहजिक असलं तरी श्रद्धेला त्यात धक्का नाही.

नेत्रदान आणि अवयवदान यांनाही हेच लागू. 'डोळे दिले तर पुनरुत्थानाच्या दिवशी आंधळा उठेन का' असं वयस्कर माणसं खरंच विचारतात. उत्तर नाही असं आहे. कॅथलिक धर्मशिक्षण मृत्यूनंतरच्या अवयवदानाला उदात्त कृत्य म्हणतं. नेत्रपेढीला मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बोलवावं लागतं, तोवर पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोकं उशीवर थोडं उंच ठेवावं. हा निर्णय घरच्यांना आधी सांगून ठेवलेला असला तरच वेळेत फोन होतो.

ज्यांना हे सगळं मुळातून वाचायचं आहे त्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायापासून सुरुवात करावी, कारण तो सर्वांत जुना. मग मार्क १६, मत्तय २८, लूक २४ आणि योहान २० व २१. सगळं मिळून २०७ वचनं होतात, मोठ्याने वाचली तर पाऊण तासात संपतात. मार्क वाचताना पहिल्यांदा आठव्या वचनावर थांबावं आणि मगच पुढे जावं.